तीन घरं खाली

सायकलचं चाक सरळ आहे की वाकडं, हे डोळ्यांनी बघणारे पुष्कळ. भावोजी ते कानांनी बघायचे. सायकल उलटी टांगायची, चाक हळूच फिरवायचं आणि चाकाच्या एकेका तारेला नखानं टिचकी मारत ऐकत बसायचं. ताणलेली तार एक बोलते, ढिली तार दुसरंच बोलते. सगळ्या तारा एका सुरात बोलायला लागल्या की चाक सरळ झालं, मग त्याला पट्टी लावून बघायचीही गरज नाही. दुकानाचा मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "थांबा जरा, आमचा माणूस चाकाची विचारपूस करतोय." गिऱ्हाईक हसायचं, पण पुढच्या खेपेला सायकल त्यांच्याच हातात द्यायचं.

ते भावोजी झाले लग्नानंतर, आणि तेही एकट्या एकाचेच, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा धाकटा पुढे एवढा नावाजला की त्याच्या तोंडून ऐकून ऐकून बँडवाले, दिवेवाले, ट्रक हाकणारे, हॉटेलांचे दरवान, सगळेच त्यांना भावोजी म्हणू लागले. त्यांची बायको म्हणजे ताई. तिलाही सगळं जग ताईच म्हणायचं. ती कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, "एवढे भाऊ माझ्या आईला झेपले नसते."

तर हा भाऊ. घरात त्याचं नाव बारक्या, कारण अंगावर मांस म्हणून नव्हतं. भिंतीवरच्या पोस्टरांत त्याचं नाव तुफान. त्याच्या वडिलांच्या मते दोन्ही नावं चुकीची होती, ते त्याला उनाड म्हणायचे आणि विषय संपवायचे.

अठराव्या वर्षी बारक्या एक जुनी गिटार छातीशी धरून सायकलच्या दुकानात आला. सहापैकी पाच तारा जागेवर होत्या, आणि त्यांतली एक तर ब्रेकच्या केबलची होती. त्यानं मोठ्या ऐटीत हात फिरवला. समोरचा शिंपी दुकानाबाहेर आला, कुणाला लागलंबिगलं का ते बघायला.

भावोजींनी हातातला पाना ठेवला, फडक्याला हात पुसले आणि गिटार मांडीवर घेतली. गिटार त्यांनी त्याआधी जवळून बघितलीही नव्हती. पण तार ती तार. त्यांनी टिचकी मारली, खुंटी पिळली, पुन्हा टिचकी मारली. असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. मग म्हणाले, "हं, वाजव आता." बारक्यानं वाजवली, आणि स्वतःच दचकून गिटारीकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं आपल्याला वाजवता येत नाही. येत होतं, गिटारच लागलेली नव्हती.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, टायरच्या थप्प्यांमध्ये बसून त्यानं 'बिनब्रेकची' हे गाणं रचलं. उतारावरून बिनब्रेकची सायकल सुटलीय, वर बसलेल्या पोराला थांबताही येत नाही आणि थांबायचंही नाही, एवढंच गाणं. शेवटी तो पोरगा समोरच्या माणसांना ओरडतो, "सरकाऽऽ!" आणि हे 'सरका' वर चढतं, अजून वर चढतं, आणि जिथं कुणाचाही गळा फाटेल तिथं जाऊन ताणून उभं राहतं. बारक्याचा गळा फाटायचा नाही. पहिल्यांदा तो ते ओरडला तेव्हा मालकाच्या हातचा चहा सांडला. मालक म्हणाला, "हे गाणं आहे की अपघात?" ताईनं खुर्च्यांना लावायच्या काळ्या रेक्झिनचं त्याला जाकीट शिवून दिलं. ते एवढं कडक होतं की हात वर केला की करकरायचं. तेच घालून तो तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर उभा राहिला.

पुढचं त्या काळी तरुण असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. रेडिओवाल्यांनी ते गाणं सहा महिने लावलं नाही आणि मग सहा वर्षं बंद केलं नाही. मोठ्या माणसांनी पेपरात पत्रं लिहिली. त्यांच्याच मुलींनी हॉटेलांच्या जिन्यांवर ठिय्या दिला. तुफाननं चौदा तबकड्या काढल्या, दोन लग्नं केली, दोन्ही मोडली, एक गाडी खड्ड्यात घातली आणि मधली पाच-सहा वर्षं बाटलीत घातली. या सगळ्यात भावोजी कुठं होते विचाराल तर स्टेजच्या मागच्या खोलीत, घडीच्या टेबलाशी. टेबलावर फ्लॅनेलचं फडकं, त्यावर पक्कड, तारांची पाकिटं, आणि बाजूला ओळीनं सहा गिटारी. प्रत्येक कार्यक्रमाआधी जुन्या तारा काढायच्या, नव्या घालायच्या, ओढून ओढून त्यांचा ताण मुरवायचा आणि मग लावायच्या. तुफान स्वतः कधी खुंटीला हात लावायचा नाही. सुरांची नावंही त्याला धड येत नव्हती. बोटं कुठल्या घरात ठेवायची ते ठाऊक, बाकी सगळं अंगात. गिटारीच्या दांडीवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेले कप्पे असतात, त्यांना ही मंडळी घरं म्हणतात. तुफानला घरं समजायची, सूर भावोजी बघायचे. अशी त्यांची वाटणी होती, आणि ती दोघांनाही सोयीची होती.

पंचेचाळिसाव्या वर्षी तुफानच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि बजावलं की चार महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. तुफान गप्प बसलेला कुणी पाहिला नव्हता. तो ताईच्या घरी खिडकीपाशी पाटी घेऊन बसायचा. चहा हवा असला की पाटीवर लिहायचा, भूक नाही म्हणून लिहायचा, आणि एकदा त्यानं लिहिलं, "आवाज आला नाही तर?" ताईनं ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं आणि आत निघून गेली.

आवाज आला. पण पहिल्या कार्यक्रमाच्या दुपारी रिकाम्या सभागृहात तालीम घेतली तेव्हा 'सरका' वरपर्यंत पोचेना. दोनदा गळा खरवडला. तिसऱ्यांदा तुफाननं गिटार खुर्चीवर टाकली आणि खोलीत जाऊन कडी लावून घेतली. भावोजी दाराशी गेले. आतून काही आवाज येत नव्हता, आणि तेच वाईट होतं. ते परत टेबलाशी आले, सहा गिटारींकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, आणि मग एकेक खुंटी पिळून त्यांनी सगळ्या गिटारी एक घर खाली उतरवल्या, म्हणजे बोटं नेहमीच्याच घरात पडली तरी सूर एक घर खालचा निघावा. बास गिटारवाल्याला सांगितलं, की-बोर्डवाल्या बाईंना सांगितलं. "आजच्या दिवसापुरतं. त्याला बोलू नका."

की-बोर्डवाल्या बाई म्हणाल्या, "भावोजी, हे बरं नाही."

"मला माहितेय," भावोजी म्हणाले.

कार्यक्रमात 'सरका' वर चढलं आणि ताणून उभं राहिलं. लोक खुर्च्यांवर चढले. तुफान घामानं निथळत आत आला आणि भावोजींच्या गळ्यात पडला. "भावोजी, आला! जसाच्या तसा आला!" तो लहान मुलासारखा रडत होता. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. भावोजींना हे तेव्हाही कळत होतं. पण रडणाऱ्या माणसाला थोपटायचं सोडून त्याला हिशेब कोण सांगतो? त्यांनी थोपटलं. घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं केलंत. पुढच्या वेळी सांगून टाका."

पुढची वेळ कधी आलीच नाही. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्यानं मुक्काम ठोकावा तसं ते खोटं घरात बसलं. एक्कावन्नाव्या वर्षी दुसरं घर खाली गेलं, सत्तावन्नाव्या वर्षी तिसरं. तुफानला कळायचं काही कारणच नव्हतं. घरच्या गिटारीसुद्धा भावोजीच लावायचे. स्वतःच्या जुन्या तबकड्या तो कधी ऐकायचा नाही, म्हणायचा, शिळं कशाला खा. फक्त पियानोची पंचाईत होती, कारण पियानोला खुंट्या पिळून असं चटकन उतरवता येत नाही. एखाद्या हॉटेलच्या दिवाणखान्यात पियानो दिसला की भावोजी तुफानला बोलण्यात गुंतवून दुसऱ्या दारानं न्यायचे. की-बोर्डवाल्या बाई यावर खूप हसायच्या. पुढे पुढे त्यांनी हसणं सोडलं.

कारण तुफानचं बोलणं वाढत चाललं होतं. त्याच्या बरोबरीचा एक गायक वयपरत्वे खालच्या पट्टीत गाऊ लागला. तुफान मुलाखतीत म्हणाला, "पट्टी उतरवायची वेळ आली की माणसानं घरी बसावं." आणि प्रत्येक कार्यक्रमात 'बिनब्रेकची'च्या आधी तो माइकपाशी येऊन छातीवर हात ठोकायचा. "तेविसाव्या वर्षी ज्या पट्टीत गायलो, त्याच पट्टीत आज गाणार आहे!" टाळ्यांचा पाऊस पडायचा. विंगेत उभे असलेले भावोजी तेवढा वेळ स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघायचे.

ताई एकदा म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर चार दिवस रुसला असता. आता सांगाल तर काय होईल, मला विचारही करवत नाही."

"म्हणून तर सांगत नाही," भावोजी म्हणाले. अशी अठरा वर्षं गेली.

गाण्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा एका वाहिनीनं कार्यक्रम ठरवला. पहिल्या कार्यक्रमाची जुनी फिल्म कुठल्याशा कपाटात सापडली होती. आता अशी यंत्रं आली आहेत की फिल्ममधला वाद्यांचा गलका पुसून नुसता गळा वेगळा काढता येतो. मागे पडद्यावर तेवीस वर्षांचा तुफान, पुढे स्टेजवर त्रेसष्ट वर्षांचा, आणि शेवटचं 'सरका' दोघांनी एकदम म्हणायचं, अशी योजना होती. तुफान हरखून गेला होता. "मी आणि मी, भावोजी! बघाच तुम्ही, त्या पोराला मागे टाकतो का नाही."

 भावोजींचं वय तेव्हा एकाहत्तर होतं, आणि त्या रात्री त्यांना प्रत्येक वर्ष वेगळं जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते की-बोर्डवाल्या बाईंना घेऊन वाहिनीच्या स्टुडिओत गेले. छोटीशी खोली, भिंतींना फोम चिकटवलेला, आणि चष्मा कपाळावर चढवलेले एक पोक्त तंत्रज्ञ यंत्रापुढे बसलेले. त्यांनी बटण दाबलं आणि त्या खोलीत बारक्याचा आवाज आला. मागे वाद्य नाही, टाळी नाही, नुसता गळा. दम घेतल्याचंसुद्धा ऐकू येत होतं, आणि रेक्झिनचं जाकीट करकरल्याचंही. बाईंनी आपला की-बोर्ड रोजच्या सवयीनं तीन घरं खाली ठेवला होता. त्यांनी हलकेच साथ धरली, आणि दोन सूर एकमेकांवर दात घासल्यासारखे घासले. त्यांनी लगेच हात उचलला.

तंत्रज्ञ म्हणाले, "अहो, त्यात काय? हा आवाजच तीन घरं खाली आणतो. बटणाचं काम आहे." त्यांनी खरंच आणला. आवाज खाली आला, साथीत चपखल बसला. पण तो बारक्याचा राहिला नव्हता. झोपेच्या गोळ्या घेतलेला कुणी मोठा माणूस बारक्याची नक्कल करत होता.

"कुणाच्या बापाला कळणार नाही," तंत्रज्ञ म्हणाले.

हे वाक्य भावोजी अठरा वर्षं स्वतःलाच ऐकवत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना त्यांना शरम वाटली. म्हाताऱ्या बारक्याला त्यांनी फसवलं होतं ते त्याच्यासाठी म्हणून. आता त्या तेवीस वर्षांच्या पोराचाही गळा दाबायचा? त्यानं तर ते 'सरका' खरोखर म्हटलं होतं, कुणाच्याही मदतीशिवाय.

"नको," ते म्हणाले. "आवाज आहे तिथंच राहू द्या."

"मग जमायचं कसं?"

"ते मी बघतो."

तुफान तालमीच्या खोलीत एकटाच होता. गुडघ्याला पट्टा बांधून, वाचायचा चष्मा लावून पेपर बघत बसला होता. भावोजींनी दार लोटून घेतलं, समोरची खुर्ची ओढली आणि बसले. इतक्या वर्षांत ते त्याच्यासमोर असे बसले नव्हते, नेहमी उभं राहून काहीतरी करत असायचे. तुफाननं पेपर खाली केला.

"काय झालं? ताई बरी आहे ना?"

"ताई बरी आहे. बारक्या, तू जुन्या पट्टीत गात नाहीस. मी गिटारी उतरवून ठेवतो."

तुफानला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. त्यानं चष्मा काढला.

"किती?"

"तीन घरं."

"कधीपासून?"

"ऑपरेशननंतरच्या पहिल्या कार्यक्रमापासून. तेव्हा एकच होतं."

"म्हणजे त्या दिवशी आवाज आलाच नव्हता."

"आला होता रे. एक घर खाली आला होता."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"बँडमध्ये सगळ्यांना."

"ताईला?"

भावोजींनी मान खाली घातली. "पहिल्या दिवसापासून."

तुफान उठून खिडकीपाशी गेला. "म्हणजे मी तिथं छाती ठोकून सांगत होतो, आणि तुम्ही सगळे मागे उभे राहून माझी कीव करत होतात."

"कीव नव्हती. भीती होती. तू गाणं सोडून बसशील आणि पुन्हा बाटलीकडे वळशील, याची भीती. आणि खरं सांगू? माझ्यापुरतीही होती. तू घरी बसलास तर मी काय करणार होतो? पंक्चरं काढणार होतो?"

  तुफान खिडकीपासून वळून म्हणाला, "मूळ पट्टीत लावा."

भावोजींनी गिटार घेतली. तारांना एवढ्या ताणाची सवय राहिली नव्हती. सगळ्यात बारीक तार चढवता चढवता तुटली. त्यांनी नवी घातली, ओढली, लावली.  तुफान गायला. कडवी निभावली, पण 'सरका' वर चढलं आणि मध्येच फाटलं. खोलीत नुसता खोकला राहिला.

"एक उतरवा."

भावोजींनी उतरवली. तुफान पुन्हा गायला, पुन्हा फाटलं.

"अजून एक."

या वेळी जवळपास पोचलं, आणि तिथून पाय घसरल्यासारखं खाली आलं. तुफानचे डोळे लाल झाले होते. तिसऱ्यांदा त्यानं नुसती मान हलवली, आणि भावोजींनी तिसरं घर उतरवलं. 'सरका' वर गेलं, आणि सबंध, स्वच्छ उभं राहिलं. तेविसाव्या वर्षीची धार त्याला नव्हती, पण ते खोटं नव्हतं. सूर संपल्यावर तुफाननं गिटार हळूच खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"बरोबर मोजलं होतंत," तो हातांआडून म्हणाला.

भावोजी उठून त्याच्याकडे जायला निघाले. तुफाननं हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही आता घरी जा, भावोजी. इथून पुढं माझी गिटार मी लावीन."

ते घरी गेले. फ्लॅनेलचं फडकं खिशात तसंच होतं, ते त्यांनी धुऊन वाळत घातलं आणि घडी करून कपाटात ठेवलं. मग पाच आठवडे त्यांच्याकडे काही काम नव्हतं. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दोन घड्याळं उघडून पुन्हा लावली, शेजारणीचं शिवणयंत्र मागून आणून दुरुस्त केलं. ताई रोज सकाळी भावाला फोन लावायची. फोन वाजत राहायचा. एकदा ती रिसीव्हर ठेवून म्हणाली, "तुमच्यावर रागावलाय ते समजतं. मी तर त्याची बहीण. मला त्यानं काय काय सांगितलं होतं आयुष्यात, आणि मी त्याला एवढंसं सांगितलं नाही." आणि ती रडली. भावोजींना जन्मात एवढं अपराधी कधी वाटलं नव्हतं. बायकोचा भाऊ आपल्यामुळं तुटला, हे त्यांना रोज समोर दिसत होतं.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी एक पाकीट आलं. आत दोन पास होते, चिठ्ठी नव्हती. पत्ता मात्र बारक्याच्या अक्षरातला होता, उतारावर घसरत गेल्यासारखा.

"जायचं," ताई म्हणाली. "चारचौघांत जोडे मारायला बोलावलं असलं तरी जायचं."

चित्रण दुपारी होतं. सभागृह खच्चून भरलं होतं, बहुतेकांचे केस पांढरे. भावोजींना आपली खुर्ची सापडेना. खुर्च्यांवर नंबर असतात आणि ते बघून बसायचं असतं, याची त्यांना सवयच नव्हती. चाळीस वर्षांत ते एकदाही या बाजूला बसले नव्हते. ताईनं त्यांना दंडाला धरून तिसऱ्या रांगेत बसवलं. स्टेजवर की-बोर्डवाल्या बाई दिसल्या. बाजूला गिटारींचा स्टँड होता, आणि त्यामागे कुणी उभं नव्हतं.

दिवे मंद झाले. पडद्यावर काडीसारखा बारक्या आला, करकरत्या जाकिटात. योजना दोघांनी गायची होती, पण स्टेजवर कुणीच आलं नाही. बँडनंही वाद्यांना हात लावला नाही. त्या पोरानं अख्खं गाणं एकट्यानं म्हटलं, त्याच्या स्वतःच्या पट्टीत, आणि शेवटचं 'सरका' छताला जाऊन लागलं. ताईनं भावोजींचं मनगट घट्ट धरलं होतं. पडदा काळा झाला.

मग तुफान आला. साधा शर्ट, गुडघ्याला पट्टा, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. चष्म्यात त्याला लोकांनी कधीच पाहिलं नव्हतं. गळ्यात गिटार होती. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला.

"हा पोरगा माझ्यापेक्षा तीन घरं वर गातो," तो म्हणाला. "मला तिथं जाता येत नाही. अठरा वर्षं जाता येत नाहीये. मी तुम्हाला छाती ठोकून सांगत होतो ते खोटं होतं. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण मी ज्या गायकाला घरी बसायला सांगितलं होतं, त्याची तरी मला माफी मागायलाच हवी."

कुणी टाळी वाजवली नाही. तुफाननं गिटारीवरून हात फिरवला, आणि भावोजी खुर्चीत ताठ झाले. दुसरी तार उतरलेली होती. की-बोर्डवाल्या बाईंनी झटकन वर पाहिलं. तुफानलाही काहीतरी चुकतंय एवढं कळलं. त्यानं एक खुंटी पिळली, ती भलतीच होती. पुन्हा हात फिरवला, आता जास्तच बिघडलं. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. भावोजींना त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. त्यांची बोटं मांडीवर आपोआप वळली. त्यांनी ती मुठीत दाबून धरली, कारण आता ते काम त्यांचं नव्हतं.

तुफाननं दिव्यांच्या झोतापुढे तळहात धरला आणि खाली अंधारात बघू लागला.

"भावोजी, कुठं बसलाय?"

ताईनं कोपरानं ढोसलं. भावोजींनी शाळेत धरतात तसा हात वर धरला.

"कशी वाटतेय गिटार?"

हजार माणसं वळून बघत होती. 'छान आहे, गा तू' म्हणणं फार सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. भावोजींना उभं राहायला थोडा वेळ लागला.

"लागली नाहीये," ते म्हणाले. "दुसरी उतरलीय. आणि आता तू चौथी चढवून ठेवलीस."

लोक हसले. तुफान हसला नाही. तो त्यांच्याकडे बघत होता.

"मग या वर," तो म्हणाला. "पण कुठं लावताय ते या वेळी मोठ्यानं सांगा. मलाही, आणि या सगळ्यांनाही."

ताईनं मांडीवरची पिशवी उचलून त्यांना वाट करून दिली. ते पायऱ्या चढून गेले. तुफाननं गळ्यातला पट्टा न काढताच गिटार पुढं केली, तेव्हा दोघांची डोकी जवळजवळ टेकली. भावोजींनी टिचकी मारली, खुंटी पिळली, पुन्हा टिचकी मारली. मग ते माइककडे वळले. असे माइक त्यांनी शेकड्यांनी तपासले होते, पण त्यांत 'हॅलो, एक, दोन' याखेरीज ते कधी काही बोलले नव्हते.

"लागली," ते म्हणाले. "तीन घरं खाली."

बारक्यानं मान डोलावली आणि पहिली ओळ उचलली.